तग कोणाच्या जिवावर?

मोठे संकट येऊन गेले की आपल्या शहराचे कौतुक करण्याची एक रीतच पडून गेली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. माणसे पाण्यात वाहून गेली, दरडीखाली गाडली गेली, बंद मोटारींत गुदमरून मेली. पाणी ओसरून लोकल गाड्या धावू लागताच मात्र ‘मुंबई पुन्हा उभी राहिली’ अशी द्वाही वृत्तपत्रांतून फिरली. अलीकडे या कौतुकाला शास्त्राची झूलही चढली आहे. शहरांची व प्रदेशांची संकटे सोसण्याची क्षमता कशी वाढवावी यावर आंतरराष्ट्रीय संस्थांचे अहवाल निघतात, परिषदा भरतात, आराखडे तयार होतात. त्यांत निर्देशांक असतात, आलेख असतात. नसते ती एक साधी विचारणा: शहराने तग धरला म्हणजे नेमका कोणी धरला? ज्याच्या झोपडीत कंबरभर पाणी शिरले तो दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो तो काही हौसेने नव्हे. न गेला तर रोज बुडतो आणि रोज बुडाला तर चूल पेटत नाही. या नाइलाजाला चिवटपणा हे गोंडस नाव द्यायचे आणि त्या चिवटपणाची आरती ओवाळून राज्यकर्त्यांनी मोकळे व्हायचे, असा हा एकूण व्यवहार आहे.

माणसे चिवट असतात यात शंका नाही. परंतु चिवटपणा ही काही व्यवस्था नव्हे. समाज संकट सोसू शकतो तो संकट येण्याआधी काय करून ठेवले आहे त्यावर. दुर्बळाला काही मागण्याचा हक्क कायद्याने लिहून दिलेला असेल आणि त्या हक्कापाठी वेगळी काढून ठेवलेली तिजोरी असेल, तर संकटाचा घाव वाटला जातो. तसे नसेल तर तो सर्वांत खालच्या माणसावर पडतो आणि तेथेच मुरतो. महाराष्ट्राने हे मर्म एकदा ओळखले होते आणि त्याप्रमाणे करूनही दाखवले होते. दुर्दैव एवढेच की ते खेड्यापुरते झाले, शहराच्या वेशीशी येऊन थांबले. त्या अर्ध्यावर सोडलेल्या कामाची किंमत १९८२ साली गिरणी कामगाराने आणि २०२० साली परमुलखातून आलेल्या मजुराने मोजली.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण ज्यांना आहे त्यांची पिढी आता ओसरत चालली आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १९७० पासून पाऊस ओढ देत होता. १९७२-७३ मध्ये त्याने पुरती पाठ फिरवली. मराठवाडा, सोलापूर, नगर, सांगलीचा पूर्वभाग येथे विहिरींनी तळ गाठला, गुरे बाजारात कवडीमोलाने गेली. राज्याची लोकसंख्या तेव्हा जेमतेम ५ कोटी होती. त्यांतील जवळजवळ ५० लाख माणसे मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर राबत होती. रस्त्यांवर खडी फोडणे, पाझर तलाव, नाला बांध, मातीकाम अशी ती कामे होती, आणि जोडीला सुकडीचे वाटप. एवढा मोठा जनसमुदाय मजुरीवर जगवण्याचा प्रयोग त्यापूर्वी या देशात क्वचितच झाला असेल. त्या उन्हात बायाबापड्या ज्या हालांत राबल्या त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. तरीही पूर्वीच्या दुष्काळांत जशी गावेच्या गावे भूकबळी पडली तसे या वेळी घडले नाही, हेही तितकेच खरे.

हे सरकारच्या दयाबुद्धीने झाले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दुष्काळी कामे ही कल्पना इंग्रजांच्या दुष्काळ संहितेतीलच होती. पण त्या संहितेत काम देणे न देणे कलेक्टरसाहेबांच्या मर्जीवर असे. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराला दिवसाकाठी सुमारे एक रत्तल धान्याइतकी मजुरी पुरे, असा हिशेब मांडला होता आणि त्या अपमानास्पद मजुरीविरुद्ध तेव्हाच्या मजुरांनी कामे सोडली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली होती. १९७२-७३ मध्ये निराळे घडले ते असे की, काम मागणारा माणूस संघटित होता. डाव्या व समाजवादी पक्षांचे कार्यकर्ते कामांवर जाऊन मजुरी, पाणी, सावली, आठवड्याचा पगार यांसाठी मोर्चे काढीत होते. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध लाटणी घेतलेल्या स्त्रियांचे मोर्चे निघत होते. गावातील मजुरी आणि शहरातील रेशन हे एकाच प्रश्नाचे दोन पदर आहेत, ही जाणीव त्या दोन वर्षांत या राज्यात जितकी जागी होती तितकी नंतर क्वचितच राहिली.

या जाणिवेला कायद्याचे रूप देणारा माणूस मात्र सत्ताधारी पक्षातला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात १९६५ सालीच मागेल त्याला काम या कल्पनेचा प्रयोग केला होता. पुण्याच्या गोखले संस्थेतील दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात रोजगाराच्या हमीचा अर्थशास्त्रीय पाया मांडला होता. दुष्काळाने या विचाराला निकड दिली. १९७२ साली योजना सुरू झाली, १९७७ साली दोन्ही सभागृहांनी तिचा कायदा एकमताने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, ते न दिल्यास बेकारी भत्ता. मजुरी कामाच्या मापावर, म्हणून स्त्री-पुरुषांना एकच दर. आजच्या वाचकाला यात विशेष वाटणार नाही. परंतु दुष्काळ जाहीर झाल्याखेरीज काम निघायचे नाही ही शंभर वर्षांची रीत या कायद्याने मोडली. गावातील कोणाही प्रौढाने अर्ज करावा आणि सरकारने ऋणकोप्रमाणे त्याला बांधील व्हावे, ही गोष्ट आपल्या राज्यव्यवहारात नवी होती.

याहून नवी होती ती तिजोरी. हमीचा पैसा दरवर्षीच्या अंदाजपत्रकातील उरल्यासुरल्यातून यायचा नव्हता. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. मोटारींवरील कर, विक्रीकर, जमीन महसूल यांवर अधिभार बसले. बागायती जमिनीवर पट्टी बसली. आणि जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या बाजूने घालावी असे ठरले. यात सर्वांत मोठा वाटा व्यवसाय कराचा आणि हा कर भरणारा मुख्यतः शहरी पगारदार. फोर्टमधील बँकेचा कारकून, ठाण्याच्या कारखान्यातील फिटर, पुण्यातील प्राध्यापक यांच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जात आणि त्यातून माण किंवा आष्टी तालुक्यातील स्त्रीच्या हातावर आठवड्याची मजुरी पडत असे. संविधानाने या कराला घातलेली वर्षाला २५० रुपयांची मर्यादा १९८८ साली २,५०० करण्यात आली, ती आजही तेवढीच आहे. पगारपत्रकावरील ही रक्कम कशासाठी कापली जाते असे आज दहा नोकरदारांना विचारून पाहावे. बहुतेकांना सांगता येणार नाही. शहराने खेड्याचे ऋण मानून कर भरावा ही अपूर्व घटना ज्या राज्यात घडली त्या राज्यातील नागरिकाला ती ठाऊकही नसावी, याला विसराळूपणा म्हणायचे की विसर पाडण्याची योजना?

योजनेत दोष नव्हते असे नाही. खोटी हजेरीपुस्तके, मजुरी देण्यातील दिरंगाई, मोजमापातील कारकुनी लबाड्या यांविरुद्ध ग्रामीण महाराष्ट्रात असंख्य मोर्चे निघाले. मजुराच्या घामातून झालेल्या पाझर तलावाचे पाणी बऱ्याचदा बागायतदाराच्याच विहिरीला लागले. १९८८ साली किमान वेतन दुपटीने वाढले तेव्हा या योजनेतील मजुरीही वाढली. मात्र त्यानंतर कामेच कमी निघू लागली. कायद्यातील हमीचे शब्द तेच होते, मात्र काम मागणाऱ्याला तिष्ठत ठेवण्याच्या युक्त्या शासनाला साधल्या. हक्क कागदावर आला तरी तो वसूल करणारी संघटना लागते, हा त्या अनुभवाचा भाग कोणी लपवू नये. बीडचा ऊसतोड कामगार हमी असूनही दरवर्षी कोयता घेऊन बाहेर पडतच राहिला, कारण त्याला मुकादमाकडून उचल मिळते आणि सरकारकडून मिळते ती तारीख.

आता शहराकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. दीड वर्षाहून अधिक काळ पगाराविना ही माणसे जगली कशी, याचे उत्तर कोणत्याही सरकारी योजनेत सापडणार नाही. ते कोकणातील व घाटावरील त्यांच्या गावांत सापडेल. बायकामुले गावी गेली, भाताचे पोते गावाहून आले, कामगार स्वतः पेरणीला, कापणीला परतला. मागे राहिलेल्यांना खाणावळवाल्या बायांनी उधारीवर जेवू घातले. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ज्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले त्याच या बाया. म्हणजे काळाने मोठा विलक्षण उलटा फेरा घेतला. शहरातून जमलेल्या करावर खेड्यातील मजूर तगला होता. आता त्याच खेड्याने शहरातील कामगाराला तगवले. फरक एवढाच की पहिला व्यवहार कायद्याने झाला, दुसरा नात्यागोत्याने. नातेगोते आटले की तो संपतो, आणि तसा तो संपलाही. लाखावर कामगार कायमचे बेकार झाले. त्यांच्यातील कोणालाही मामलेदार कचेरीत जाऊन ‘मला काम द्या’ असे म्हणण्याचा हक्क नव्हता, कारण रोजगाराची हमी ग्रामीण प्रौढासाठी होती आणि परळ-लालबाग हे ग्रामीण क्षेत्र नव्हते!

हमी नव्हती, पण शहराजवळ संपत्ती होती. गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या ऐन मध्यावर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांतील ५८ व्या नियमाने तिचे तीन वाटे ठरवले होते: एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. कोसळलेल्या धंद्याच्या अवशेषांतून शहराला नवी घरे, मैदाने, प्रशिक्षणाच्या शाळा, लघुउद्योगांचे गाळे उभे करता आले असते. मात्र २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरतीच उरली. गिरण्यांत मोकळी जमीन ती किती असणार? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली याविरुद्ध निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दुरुस्ती ग्राह्य धरली. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, संपानंतर तीस वर्षांनी. तोवर अर्जदारांत कामगार किती आणि त्यांचे वारस किती, हा हिशेब करण्याजोगा झाला होता. आज तेथे मनोरे आहेत, मॉल आहेत, आणि धंदा बदलून शहराने तग धरला असे आम्हांला अभिमानाने सांगितले जाते.

शहरातील असंघटित श्रमिकासाठी काही करताच येत नाही, असा यावरचा ठराविक बचाव असतो. त्याचा मालक एक नसतो, काम एका जागी नसते, मग हमी द्यायची कोणी? या प्रश्नाचे उत्तरही याच राज्याने १९६९ साली देऊन ठेवले आहे. पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालाचे दिवसाला चार मालक असत आणि म्हणून तो कोणाचाच नोकर नव्हता. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले होते, पुण्यात बाबा आढाव यांची हमाल पंचायत १९५५ पासून लढत होती. या लढ्यांतून माथाडी कायदा आला. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करायची, मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने कामगाराला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधोपचार पाहायचा. मालक अनेक असले तरी मंडळ एक. इतकी साधी युक्ती! तिच्या जोरावर माथाड्यांची मुले शिकली, त्यांची घरे झाली. या कायद्यालाच कात्री लावू पाहणारे विधेयक २०२३ साली आले आणि हमालांच्या संघटनांना पुन्हा उभे राहावे लागले, यावरून आपल्या राज्यकर्त्यांना शहाणपणाची किती चाड आहे ते दिसते. इकडे राजस्थानने त्याच वर्षी मोबाइलवरून कामे घेणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांसाठी व चालकांसाठी मंडळ आणि शुल्क यांचा कायदा केला. आपल्या माथाडी कायद्याचेच ते नवे रूप म्हणावे लागेल.

ही दोन्ही साधने हाताशी असताना २०२० साली काय झाले? २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि चार तासांत ती लागू झाली. बांधकामावरचा, भट्टीवरचा, हॉटेलातला, यंत्रमागावरचा मजूर एका रात्रीत बिनकामाचा, बिनभाड्याचा, बिनगाडीचा झाला. तो चालू लागला. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून निघून भुसावळला गाडी मिळेल या आशेने ते मध्य प्रदेशातील आपल्या गावी निघाले होते. चालत जाणाऱ्यांत एकूण किती मेले, असे सप्टेंबरमध्ये संसदेत विचारले गेले, तेव्हा सरकारने अशी आकडेवारी आपल्याकडे नसल्याचे सांगितले. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा तेव्हा लागू होता. त्याप्रमाणे मजुरांच्या नोंदी ठेवल्या असत्या तर निदान मृतांची नावे तरी सापडली असती.

याच काळातील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. १९९६ च्या कायद्याप्रमाणे तेव्हा बांधकामावर उपकर जमा होत असे, त्या मंडळाकडे ज्यांची नोंद होती त्या कामगारांच्या खात्यावर महाराष्ट्रात २,००० रुपये जमा झाले. रक्कम तुटपुंजी खरी. पण मिळाली, कारण नाव होते आणि निधी होता. शेजारच्याच इमारतीवर काम करणाऱ्या बिननोंदीच्या मजुराला तीही नाही. दुसरी गोष्ट अशी की, गावी पोहोचलेल्या मजुराला तेथे रोजगार हमीचे काम मागता आले. महाराष्ट्राचा धडा गिरवून २००५ साली केंद्राने केलेल्या कायद्याखाली २०२०-२१ मध्ये सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघाले. ज्या शहराने या माणसाला वीस वर्षे राबवले त्याने त्याला बाहेर काढले आणि ज्या गावाजवळ पोटापुरतेही नव्हते त्याने सामावून घेतले. देशाने तग धरला तो या हमीवर. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच कायद्याच्या जागी दुसरा आणला. दिवस १०० चे १२५ झाल्याचा डांगोरा पिटला गेला, पण खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांवर टाकण्यात आला. बिहार-झारखंडसारख्या राज्यांच्या तिजोरीची अवस्था ज्यांना माहीत आहे त्यांना या वाढीव दिवसांचे मोल निराळे सांगायला नको.

म्हणून शहरी रोजगार हमीची मागणी केली पाहिजे, आणि ती दानाची नव्हे तर कायद्याची. केरळने २०१० च्या सुमारास अय्यनकाळींच्या नावाने अशी योजना काढली, राजस्थानने २०२२ साली काढली. त्या योजना आहेत, कायदे नव्हेत, त्यामुळे सरकार बदलले की त्यांचे दैव बदलते. शहरात कामे कोठून आणणार, असे विचारणाऱ्यांनी आपल्याच प्रभागातून एक फेरी मारावी. गाळाने भरलेले नाले, गळक्या छपरांच्या पालिका शाळा, परिचारिकेला मदतनीस नसलेली प्रसूतिगृहे, पाळणाघर नसलेल्या वस्त्या, जळून चाललेली झाडे. कामांची वाण नाही. एक सावधगिरी मात्र बाळगलीच पाहिजे. सफाई कामगारांच्या कायम जागा आधीच ठेकेदारांच्या घशात गेल्या आहेत. हमीच्या नावाखाली उरलेल्या जागांवर हंगामी माणूस आणून बसवला गेला तर ती हमी कामगारवर्गावरच उलटेल. तेव्हा कोणती कामे हमीची आणि कोणती कायम नोकरीची, याची सीमा कायद्यातच आखली जायला हवी.

हमी दिली तर सारा देश शहरात लोटेल, हा आक्षेप तर जुनाच आहे. असंख्य माणसे हमीवाचूनच शहरात आली आहेत. त्यांनी यावे की नाही हे ठरवायला आपल्याला उशीर झाला. ती येथे राबतात तोवर त्यांना काय देणे लागतो एवढाच प्रश्न उरतो. आणि पैशाचे म्हणाल तर व्यवसाय कराची मर्यादा १९८८ पासून जागची हललेली नाही. त्या काळी २,५०० रुपयांत काय येत होते आणि आज काय येते याचा विचार शहरातील वरच्या पगारदारांनीच करावा. मर्यादा वाढवायला संविधान दुरुस्ती लागेल, ती एकदा झालेली आहे.

खेड्यातील मजूर काम मागतो तेव्हा तो नमुना ४ भरून देतो आणि त्याची पोच घेतो. काम निघाले नाही तर ती पोच हाच त्याचा पुरावा. महापालिकेच्या प्रभाग कचेरीत मालमत्ता कराची खिडकी आहे, जन्ममृत्यूच्या दाखल्याची आहे, परवान्यांची आहे. कामाची मागणी घेऊन पोच देणारी खिडकी नाही. ती उघडायची तर आधी एक करावे लागेल. १९७५ पासून मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर या शहरांतून व्यवसाय कर किती जमला, त्यातला रोजगार हमीवर किती गेला आणि उरलेला कोठे गेला, याचा वर्षवार हिशेब सरकारने विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा. येत्या अधिवेशनात विरोधी बाकांवरून कोणीतरी हा प्रश्न लेखी विचारायला हवा.